न दाखवलेला अहवाल

इंग्लंडच्या निवाडेसंग्रहांपैकी १९१५ सालच्या ‘अपील केसेस’मध्ये १२० व्या पानावर एक खटला सुरू होतो: लोकल गव्हर्नमेंट बोर्ड विरुद्ध आर्लिज. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ‘नैसर्गिक न्याया’च्या धड्यात भेटतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि विसरला जातो. पण मुळात हे भांडण एका भाड्याच्या घराचं आहे. लंडनच्या उत्तरेकडचा हॅम्पस्टेड भाग. तिथलं एक राहतं घर. ते माणसांनी राहण्यालायक नाही असं ठरवून स्थानिक बरो कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेने, काढलेला बंदीहुकूम. आणि तो हुकूम न मानणारा मालक. एवढ्या सामग्रीवर हा वाद देशातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला.

या वादाचे कागद तीन थरांत छापलेले आहेत. किंग्ज बेंचच्या न्यायालयाचा निकाल १९१३ च्या संग्रहात, अपील न्यायालयाचा १९१४ च्या आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचा १९१५ च्या. त्यांच्याशेजारी ज्या कायद्याखाली हुकूम निघाला तो १९०९ चा ‘हाउसिंग, टाउन प्लॅनिंग’ कायदा ठेवला, तर घटना बऱ्यापैकी जुळवता येतात. निकालपत्रं उलट क्रमाने, म्हणजे शेवटचं आधी वाचण्याची सवय वकिलांना असते. इथे ती मोडायला हवी. शेवटच्या निकालात सगळं इतकं स्वच्छ आणि अपरिहार्य दिसतं की मधल्या न्यायालयात मालक जिंकला होता हे ध्यानातच राहत नाही.

आधी कायदा. १८९० च्या कायद्यानुसार एखादं घर बंद करायचं तर स्थानिक संस्थेला मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागे. मालक तिथे वकील उभा करी, साक्षीपुरावा होई, आणि हुकूम निघाला तर तो न्यायालयाचा असे. १९०९ च्या कायद्याने हा टप्पाच काढून टाकला. हे विधेयक जॉन बर्न्स यांचं. १८८९ च्या लंडनमधल्या गोदी कामगारांच्या संपात पुढे आलेला हा कामगार पुढारी आता लोकल गव्हर्नमेंट बोर्डाचा अध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचा सदस्य होता. नव्या कायद्याच्या १७ व्या कलमाने आपल्या हद्दीतली घरं तपासत राहणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरलं. आरोग्य अधिकाऱ्याने किंवा दुसऱ्या कुणी कळवल्यावर एखादं घर आरोग्याला इतकं घातक दिसलं की तिथे माणसाने राहू नये, तर कौन्सिलने स्वतःच बंदीहुकूम काढायचा. हुकूम हाती पडल्यापासून चौदा दिवसांत मालकाने अपील करायचं, आणि तेही न्यायालयाकडे नाही तर लोकल गव्हर्नमेंट बोर्डाकडे. घर दुरुस्त झालं असं मालकाचं म्हणणं असेल, तर हुकूम उठवण्यासाठी अर्ज पुन्हा कौन्सिलकडे. कौन्सिलने नाही म्हटलं, तर पुन्हा बोर्ड.

हा बदल कुणाच्या नजरचुकीने झालेला नाही. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातली पद्धत संथ होती, आणि ओल आलेल्या भिंतींना तारखा कळत नाहीत. निर्णय न्यायाधीशाकडून काढून कारभाऱ्याकडे द्यायचा, हाच कायद्याचा उद्देश होता. पुढच्या सगळ्या युक्तिवादात हा मुद्दा पायाशी आहे. मालकाच्या वकिलांनी तो शक्य तितका झाकला, सरकारी वकिलांनी शक्य तितका उघडा केला.

मालकांची बाजू समजून घ्यायची तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये दहातली जवळजवळ नऊ कुटुंबं खासगी मालकाच्या घरात भाड्याने राहत. म्हणजे घर तपासायला निघालेला पालिकेचा माणूस ज्या ज्या दारावर थाप मारी, त्याच्यामागे बहुधा कुणीतरी घरमालक असेच. आणि हे मालक गप्प बसणारे नव्हते. १९०९ च्याच निवाडेसंग्रहात आर्लिज विरुद्ध इस्लिंग्टन असा एक छोटा खटला आहे. आडनाव तेच, बरो निराळी. अनेक कुटुंबं राहत असलेली घरं दरवर्षी एप्रिल, मे किंवा जून महिन्यात मालकाने चुन्याने रंगवून घ्यावीत, नाहीतर दंड, असा इस्लिंग्टनचा पोटनियम होता. कागदावर वाचायला छानच. पण खोली भाडेकरूच्या ताब्यात. त्याने दार उघडलं नाही, तर मालकाने चुन्याची बादली घेऊन आत कसं शिरायचं? शिरला तर अतिक्रमण, नाही शिरला तर दंड. न्यायालयाने पोटनियम अवाजवी म्हणून रद्द केला. हा निकाल मला योग्य वाटतो, आणि तो वाचला की हॅम्पस्टेडच्या वादाची भट्टी आधीच तापलेली होती हे उमगतं.

आता ते घर. कौन्सिलने बंदीहुकूम काढला. मालकाने काही कामं करून घेतली आणि घर आता राहण्याजोगं झालं आहे, हुकूम उठवा, असा अर्ज केला. कौन्सिलने तो फेटाळला. मालक बोर्डाकडे अपिलात गेला. जागेवर जाहीर चौकशी घेतल्याशिवाय बोर्डाला अपील फेटाळता येत नसे. ३९ वं कलम तसं सांगतं. त्याप्रमाणे बोर्डाने आपला इन्स्पेक्टर पाठवला. चौकशीत मालकाची बाजू मांडली गेली, त्याच्या साक्षीदारांच्या साक्षी झाल्या. इन्स्पेक्टरने घर डोळ्यांनी पाहिलं आणि अहवाल लिहून बोर्डाला दिला. निर्णयाआधी, आणखी काही लेखी म्हणणं मांडायचं असल्यास मांडा, अशी संधीही बोर्डाने दिली. मालकाने ती घेतली नाही. बोर्डाने अपील फेटाळलं.

मालकाने ती संधी का सोडली असावी? माझ्या वाचनाप्रमाणे उत्तर त्याच्या मागण्यांतच आहे. अहवालात काय लिहिलंय हे दाखवलं नाही, तर उत्तर कशाला द्यायचं? आपण चौकशीत जे बोललो त्यातलं किती वर पोचलं, कसं पोचलं, इन्स्पेक्टरला घर पाहताना आणखी काय दिसलं, हे न कळता आणखी एक कागद लिहून पाठवायचा म्हणजे अंधारात दगड मारणं. त्याने थेट उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं आणि बोर्डाचा निर्णय रद्द करणाऱ्या ‘सर्शिओरारी’ या न्यायालयीन आदेशाची मागणी केली. आक्षेप थोडक्यात असे: निर्णय नेमका कुणी घेतला ते हुकुमावरून कळत नाही, ज्याने घेतला त्याच्यापुढे आम्हाला बोलू दिलं नाही, आणि इन्स्पेक्टरचा अहवाल आम्हाला दाखवला नाही.

पहिला आक्षेप वाचताना वकिली कावा वाटतो. पण लोकल गव्हर्नमेंट बोर्ड ही काय चीज होती हे पाहिलं की तो कावा राहत नाही. १८७१ च्या कायद्याने हे बोर्ड स्थापन झालं. कायद्यानुसार त्याचे सदस्य म्हणजे अध्यक्ष, लॉर्ड प्रेसिडेंट, लॉर्ड प्रिव्ही सील, अर्थमंत्री आणि सगळे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ दर्जाचे मंत्री. एवढी भारदस्त मंडळी एका मेजाभोवती बसून हॅम्पस्टेडच्या गळक्या छपराचा विचार करतील हे संभवत नव्हतं. बोर्ड म्हणून ते कधी भरतच नसे. बोर्ड म्हणजे एक मंत्री, त्याचे सचिव आणि कारकुनांची एक मोठी इमारत. तेव्हा ‘आमचं अपील ऐकलं कुणी?’ या प्रश्नाला खरोखरच सोपं उत्तर नव्हतं. फाइल कुणाच्या मेजावरून कुणाच्या मेजावर गेली आणि शेवटी कुणाच्या हातून ‘फेटाळले’ लिहिलं गेलं, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता.

खालच्या न्यायालयाने मालकाचा अर्ज फेटाळला. अपील न्यायालयात मात्र चित्र पालटलं. तिघांपैकी दोघे, लॉर्ड जस्टिस वॉन विल्यम्स आणि बकली, मालकाच्या बाजूने गेले. अपील म्हटलं की एक वाद आला, दोन पक्ष आले. एका पक्षाविरुद्ध वापरलेला कागद त्याला न दाखवता निकाल देणं न्यायाच्या मूळ कल्पनेला धरून नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. इंग्लंडच्या कायद्यात ही भावना जुनी आहे. १८६३ मध्ये वॉन्ड्सवर्थच्या बोर्ड ऑफ वर्क्सने एका बांधकाम करणाऱ्याचं अर्धवट घर, त्याने आधी सूचना दिली नाही म्हणून, त्याचं काही न ऐकता पाडून टाकलं होतं. तेव्हा न्यायालयाने बोर्डाला दोषी धरलं आणि एका न्यायमूर्तीने एदेनच्या बागेचा जुना दाखला काढला: देवानेसुद्धा आदामला बाहेर घालवण्याआधी त्याचं म्हणणं विचारलं होतं. कायद्यात ऐकून घेण्याची तरतूद नसेल, तर ती उणीव न्यायालयं भरून काढतील, हा त्या निकालाचा सांगावा होता.

अपील न्यायालयातले तिसरे न्यायमूर्ती हॅमिल्टन हे विरोधात राहिले. पुढे ते लॉर्ड समनर झाले. ‘नैसर्गिक न्याय’ हे शब्द ऐकायला उदात्त, पण त्यांत नेमकेपणा नाही, असं त्यांचं मत. संसदेने काय सांगितलंय ते वाचा, स्वतःच्या मनातली न्यायाची कल्पना त्यावर चढवू नका. हा एकट्याचा विरोधी निकाल हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जवळजवळ तसाच्या तसा विजयी झाला.

१९१४ साली लॉर्ड चॅन्सेलर व्हायकाउंट हॉल्डेन यांच्यासह लॉर्ड शॉ, लॉर्ड मोल्टन आणि लॉर्ड पार्मूर यांनी अपील न्यायालयाचा निकाल फिरवला. हॉल्डेन यांचा युक्तिवाद सगळ्यांत वाचनीय आहे, कारण तो न्यायाधीशापेक्षा प्रशासकाचा आहे. खात्याचा मंत्री संसदेला जबाबदार असतो. त्याने प्रत्येक घर स्वतः पाहावं, प्रत्येक साक्षीदार स्वतः ऐकावा, असं म्हटलं तर खातं चालणारच नाही. त्याने माहिती आपल्या माणसांकरवी मिळवायची आणि निर्णयाची जबाबदारी घ्यायची. त्याने निःपक्षपातीपणे वागलं पाहिजे, दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची रास्त संधी दिली पाहिजे. पण न्यायालयाची कार्यपद्धती त्याच्यावर लादता येणार नाही. याआधी, १९११ मध्ये, शाळामास्तरांच्या पगाराच्या राइस खटल्यात लॉर्ड लोरबर्न यांनी हेच सूत्र सांगितलं होतं. लॉर्ड शॉ आणखी पुढे गेले. अहवाल उघड करण्याने फायद्यापेक्षा तोटाच पुष्कळदा जास्त होईल, असं त्यांचं मत पडलं. लॉर्ड मोल्टन यांनी संसदेने जुनी पद्धत पुसून नवी बसवली आहे, तिच्यात जुनी शोधू नका, असं बजावलं.

हॉल्डेन यांचं निकालपत्र वाचताना एक गोष्ट मात्र नजरेआड होत नाही. ते १९०५ ते १९१२ युद्धमंत्री होते, म्हणजे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’. १८७१ च्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे तेवढी वर्षं ते कागदोपत्री लोकल गव्हर्नमेंट बोर्डाचेच सदस्य होते. निकालाच्या वेळी बोर्डाचे अध्यक्ष हर्बर्ट सॅम्युअल आणि लॉर्ड चॅन्सेलर हॉल्डेन एकाच मंत्रिमंडळात बसत. इंग्लंडच्या तेव्हाच्या राज्यव्यवस्थेत याचं कुणाला नवल वाटत नसे, आणि हॉल्डेन यांच्या सचोटीबद्दल मला संशय घ्यायचा नाही. पण खातं आतून कसं चालतं हे त्यांना जितकं ठाऊक होतं, तितकं ते बाहेर ताटकळणाऱ्याला कसं दिसतं हे नव्हतं, असं त्यांच्या निकालपत्रातून जाणवतं.

मग कोण बरोबर? मला विचाराल तर मालकाच्या मागण्या वेगवेगळ्या तोलाव्या लागतील. मंत्र्यासमोर किंवा त्याच्या सचिवासमोर पुन्हा तोंडी सुनावणी हवी, ही मागणी टिकणारी नव्हती; प्रत्येक बंदीहुकुमाला दोन दोन सुनावण्या द्यायच्या तर १९०९ चा कायदा करण्याचं कारणच उरलं नसतं. अहवालाची गोष्ट निराळी. तो दाखवायला ना वेळ लागत होता ना पैसा. घर अयोग्य असेल तर अहवालाने कौन्सिलची बाजू भक्कमच झाली असती. लॉर्ड शॉ यांचा आक्षेप असा की कागद बाहेर जाणार म्हटल्यावर इन्स्पेक्टर मोकळेपणाने लिहिणार नाहीत. पण जो माणूस जाहीर चौकशी घेतो, सर्वांसमक्ष प्रश्न विचारतो, त्याचा निष्कर्ष तेवढा गुपित का असावा, याचं पटणारं उत्तर त्या निकालात मला सापडलं नाही.

या कागदांतून एक पक्ष जवळपास गायब आहे: त्या घरात राहणारा. १७ वं कलम त्याच्याविषयी बोलतं, पण थोडकंच. बंदीहुकूम झाला की प्रत्येक भाडेकरूला नोटीस जायची आणि ठरवलेल्या मुदतीत, जी चौदा दिवसांपेक्षा कमी नसावी, त्याने घर सोडायचं. नाही सोडलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणायचा. सामान हलवण्याच्या खर्चापोटी कौन्सिल त्याला वाजवी रक्कम देऊ शकत असे. जाणार कुठे, हा प्रश्न कलमात नाही. म्हणजे मॅजिस्ट्रेटचं कोर्ट मालकासाठी बंद झालं ते भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी उघडंच राहिलं. चार लॉर्डांनी मालकाला अहवाल दाखवावा की नाही यावर पानंच्या पानं लिहिली. भाडेकरूला तो दाखवावा असं तर कुणी मागितलंही नव्हतं.

निकालानंतर काही महिन्यांतच प्राध्यापक डायसी यांनी ‘लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. इंग्लंडमध्ये प्रशासकीय कायदा नावाची फ्रेंच भानगड नाही, असं आयुष्यभर सांगत आलेल्या डायसींना राइस आणि आर्लिज हे दोन निकाल पाहून ती येऊ घातली आहे हे मान्य करावं लागलं. १९२९ मध्ये तर सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी ‘द न्यू डेस्पॉटिझम’ हे पुस्तक लिहून खात्यांच्या अशा बंद दाराआडच्या निर्णयांवर आग ओकली. सरकारने डोनमोर समिती नेमली. १९३२ च्या तिच्या अहवालात इन्स्पेक्टरांचे अहवाल प्रसिद्ध करावेत अशी शिफारस आहे. खात्यांनी ती गुंडाळून ठेवली.

दरम्यान लोकल गव्हर्नमेंट बोर्ड १९१९ मध्ये आरोग्य मंत्रालयात विलीन झालं होतं, आणि १९३० च्या कायद्याने एकेकट्या घरावरच्या दुरुस्तीच्या आणि पाडकामाच्या हुकुमांवरचं अपील कौंटी कोर्टाकडे सोपवलं. म्हणजे १९०९ साली न्यायालयाच्या हातून काढून घेतलेलं काम वीसेक वर्षांत काही अंशी पुन्हा न्यायालयाकडे परत आलं. गलिच्छ वस्त्यांच्या सरसकट निर्मूलनाचे हुकूम तेवढे मंत्र्याकडे राहिले. तिथेही मालक लढतच होते. ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो गावच्या कौन्सिलने काढलेल्या अशा एका हुकुमावर मालकांनी हरकती घेतल्या, चौकशी झाली, आणि ती संपल्यावर मंत्रालयाचा अधिकारी कौन्सिलच्या माणसांना घेऊन जागा पाहून आला. मालकांना पत्ता नाही. एरिंग्टन खटल्यात अपील न्यायालयाने तो हुकूम मोडीत काढला. आर्लिजचा निकाल तिथे बंधनकारक होताच. न्यायालयाने त्याला धक्का न लावता एवढंच म्हटलं की दोन पक्षांमधला वाद उभा राहिल्यावर एकाच पक्षाशी पाठीमागून बोलता येणार नाही.

आर्लिजचं नाव आपल्याकडेही आलं. बस परवान्याच्या एका वादात नागपूर उच्च न्यायालयाने अपील प्राधिकरणाचा निर्णय रद्द केला होता, कारण पोलिसांचा अहवाल तिथे नुसता वाचून दाखवला गेला, विरुद्ध पक्षाला त्याची प्रत आणि उत्तराला वेळ मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यू प्रकाश ट्रान्सपोर्टच्या या खटल्यात राइस आणि आर्लिजचा आधार घेऊन नागपूरचा निकाल फिरवला: वाचून दाखवलं तेवढं पुरे. हा निर्णय १९५७ च्या निवाडेसंग्रहात छापलेला आहे. त्याच १९५७ मध्ये तिकडे फ्रँक्स समितीने इन्स्पेक्टरांचे अहवाल पक्षकारांना द्यावेत असं पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला सरकारने ऐकलं. पुढच्या वर्षापासून ते अहवाल मिळू लागले.

आज इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरावर कौन्सिलची दुरुस्तीची नोटीस निघते ती २००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली. नोटिशीला तिची कारणं सांगणारं निवेदन जोडावं लागतं. मालकाला अपिलाला एकवीस दिवस मिळतात. अपील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जातं आणि तिथे प्रकरण नव्याने ऐकलं जातं. वाद आता बहुधा एकोणतीस प्रकारच्या धोक्यांपैकी कुठला किती गंभीर धरायचा यावर होतात. घरात राहणाऱ्यालाही नोटिशीची प्रत द्यावी लागते. तिच्याविरुद्ध अपील मात्र नोटीस ज्याच्यावर बजावली त्यालाच करता येतं.